एवढ्याशा फ्रॉकचे एवढे पैसे? बाहुल्यांच्या कपड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डोंबिवलीत घरीच बाहुल्यांचे कपडे शिवते, अकरावं वर्ष चालू आहे. प्रदर्शनात, फोनवर, अगदी लोकलच्या लेडीज डब्यात पिशवीतून एखादा इवलासा परकर डोकावला की तिथेही तेच तेच प्रश्न येतात, म्हणून सगळी उत्तरं एकदा नीट बसून लिहून काढली.

फक्त बाहुल्यांचेच शिवता? ब्लाऊज वगैरे नाही?

नाही, ब्लाऊज नाही. आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक ताई ब्लाऊज शिवतात आणि त्यांच्यासारखं फिटिंग मला जन्मात जमणार नाही, तुमचं ब्लाऊजचं काम असेल तर मी तुम्हाला त्यांचा नंबर देते. बाळकृष्णाचे कपडे मात्र करते, ते नंबराप्रमाणे असतात, झिरो नंबर, एक नंबर असे, पण फक्त गोकुळाष्टमीच्या आधी महिनाभर. बाकी वर्षभर बाहुल्याच.

कापड तर रुमालाएवढं लागतं, मग साध्या फ्रॉकचे साडेतीनशे कसे?

हा पहिल्या नंबरचा प्रश्न. मी हिशोब उघडा करून सांगते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. कापड, लेस, दोन टिच बटणं, दोरा मिळून साधारण पंचेचाळीस. पाकीट आणि पॅकिंग वीस. शिवायला मला दोन तास लागतात, तासाचे शंभर धरते, म्हणजे दोनशे. फोटो काढणं, तुमच्याशी बोलून माप घेणं, कुरियरपर्यंत जाणं याचे पन्नास. झाले तीनशे पंधरा. उरलेल्या पस्तीसमध्ये मशीनचं ऑइलिंग, सुया, कात्रीला धार आणि जे पीस फसतात ते सगळं आलं.

आता दोन तास का लागतात ते. मोठ्या फ्रॉकला गळा, बाही, चुण्या, कंबरपट्टी, हेम जे जे असतं ते सगळं बाहुलीच्या फ्रॉकलाही असतं, एकही पायरी कमी होत नाही, फक्त प्रत्येक पायरी बोटाच्या पेराएवढ्या जागेत करायची. बार्बीच्या फ्रॉकची बाही जिथे जोडायची तो गोल सगळा मिळून दीड-दोन इंचाचा असतो, त्यात चुण्या सारख्या पसरवायच्या आणि तिथे एक टीप जरी सरकली तरी खांदा वाकडा दिसतो, मोठ्या कपड्यात तेवढी चूक कुणाला दिसतही नाही. उसवायचं म्हटलं तर शिलाईचा दाब म्हणजे टिपेबाहेर सोडलेलं कापडच एवढं कमी ठेवलेलं असतं की कापडाचे धागे सुटून येतात आणि तो तुकडा बाद. कापड कमी लागतं हे खरं आहे हो, पण कापडाचे पैसे आधीच पंचेचाळीसमध्ये धरलेत, बाकीचे हाताचे आहेत.

बाजारात दीडशे रुपयांत पाच ड्रेसचं पाकीट मिळतं की!

मिळतं, आणि तुमची मुलगी चार वर्षांची असेल आणि तिला रोज नवीन कपडा हवा असेल तर खुशाल घ्या. मागे वेल्क्रोची पट्टी, आत कच्च्या कडा, हेम नाही, आठ-दहा वेळा घातला की धागे निघतात. माझ्याकडून २०१५ साली घेतलेला परकर-पोलका मोठ्या बहिणीकडून धाकटीकडे गेलेला आहे आणि आता तो मावसबहिणीकडे आहे, त्याचा फक्त नेफा एकदा बदलून दिला मी, पैसे न घेता.

कोणकोणत्या मापाच्या बाहुल्यांचे करता? माप कसं द्यायचं?

सगळ्यात जास्त मागणी साडेअकरा इंची म्हणजे बार्बीच्या मापाची. ती बाहुली १९५९ पासून बाजारात आहे त्यामुळे लोकांना वाटतं तिचं माप एकच असणार, पण २०१६ पासून उंच, बुटक्या आणि भरलेल्या अंगाच्या बार्बी पण येतात, एकीचा स्कर्ट दुसरीच्या कमरेवर चढत नाही. म्हणून नुसतं बार्बी आहे असं सांगू नका. दुसरं माप अठरा इंची, कापडी धड आणि जाड हातपायवाली, ती अमेरिकेत १९८६ पासून खूप चालते, त्यामुळे न्यूजर्सी किंवा डॅलसला असलेल्या आज्या-मावश्या भारतात आल्या की नातीच्या बाहुलीसाठी हमखास नऊवारी नाहीतर परकर-पोलकं करून नेतात.

माप घ्यायला टेप नको, टेप जाड असते आणि एवढ्या छोट्या गोलावर पाव इंचाने चुकते. शिवणाचा दोरा गुंडाळा, जिथे टोक भेटतं तिथे पेनाने खूण करा, दोरा सरळ करून पट्टीवर मोजा. छाती, कंबर, हिप, कंबर ते पाऊल, खांदा ते मनगट एवढं पुरतं. आणि डोक्याचा घेर, हा सगळे विसरतात! बाहुलीचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, डोक्यावरून घालायचा कपडा असेल तर तो अडकतो, त्यामुळे मी जवळजवळ सगळं मागून पूर्ण उघडणारं शिवते.

नऊवारी खरोखर नऊ वार असते का?

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला फार आवडतं. बार्बी साधारण एक-षष्ठांश मापात धरतात. खरी नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास आणि पन्हा पंचेचाळीस इंच. सहाने भागलं तर चोपन्न इंच लांब आणि साडेसात इंच रुंद पट्टी येते. मी सुरुवातीला अगदी हिशोबाने तेवढीच कापून, हेम मारून, बाहुलीला नेसवून बघितली. नेसवता येते, पण पोटावर निऱ्यांची मूठभर गाठ दिसते, बाई सात महिन्यांची गरोदर वाटते. कारण लांबी-रुंदी सहाने भागता येते पण कापडाची जाडी काही सहाने भागली जात नाही, बाहुलीच्या अंगावर आपलं साधं सुती कापडसुद्धा घोंगडीसारखं बसतं.

म्हणून मी शिवलेली नऊवारी करते. आत दोन पायांचा पायजम्यासारखा भाग, मागे काष्टा वेगळा शिवून कंबरपट्टीत अडकवलेला, पुढच्या निऱ्या वेगळ्या तुकड्याच्या, आधी इस्त्रीने बसवून वरून हाताने दोन टाके, आणि पदर सुटा, तो खांद्यावर टिच बटणाने बसतो. कापड जुन्या, वापरून मऊ झालेल्या रेशमी साडीचं असेल तर सगळ्यात सुंदर पडतं, नव्या साडीचं अंगाला चिकटून राहत नाही. काठाचं पण तेच, चार इंची काठ सहाने भागला की पाऊण इंचापेक्षा थोडा कमी होतो, एवढा बारीक काठ साडीला क्वचित असतो म्हणून मी ब्लाऊजच्या बाहीवरचा उरलेला किंवा बारीक जरीची लेस वापरते. पैठणीचा मोर मात्र बाहुलीच्या पदरावर एकटाच अख्खी पाठ व्यापतो, तो मला नाही आवडत, त्यापेक्षा खणाच्या बारीक बुट्ट्या बाहुलीच्या मापाला आपोआप शोभतात. एका नऊवारीला साडेचार-पाच तास जातात.

गडद रंग नाही म्हणता, असं का?

नाही म्हणत नाही, पण आधी सांगते. बाहुलीचं अंग व्हिनाइलचं नाहीतर तशाच प्लॅस्टिकचं असतं आणि ते रंग पिऊन घेतं. लाल, काळा, नेव्ही ब्लू, हे जास्त. माझ्या दुसऱ्या वर्षी मी एक लाल खणाचं पोलकं न धुता तसंच शिवून दिलं, त्या ताईंनी दोन महिन्यांनी फोटो पाठवला, बाहुलीच्या दोन्ही काखा आणि पाठ गुलाबी झालेली, आणि ती बाहुली त्यांच्या मुलीच्या आत्याने परदेशातून आणलेली होती. त्या मुलीला मी बाहुली बदलून दिली पण तिला तीच हवी होती. नंतर कळलं की पिंपल्सवर लावायचं बेन्झॉइल पेरॉक्साइडचं मलम डागावर लावून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उन्हात ठेवलं तर डाग बराच निघतो, फक्त रोज बघत राहावं लागतं नाहीतर मूळ रंगही फिका पडतो. त्यांची बाहुली अशी तीन आठवड्यांत बरीच पूर्वीसारखी झाली.

तेव्हापासून प्रत्येक गडद कापड धुते, मग ओल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळून वर वजन ठेवून रात्रभर ठेवते. फडक्याला रंग लागला तर परत धुते, तिसऱ्यांदाही लागला तर ते कापड बाहुलीसाठी नाही. मीठ-व्हिनेगर टाकून रंग पक्का होतो असं सगळे सांगतात, माझा अनुभव तसा नाही. शिवाय गडद कपड्याला पांढरं मलमलचं अस्तर देतेच.

वेल्क्रो का नाही लावत? मुलांना सोपं पडतं ना?

बाहुलीचे केस त्यात अडकतात आणि विस्कटतात. पाच-सहा मिलीमीटरचं टिच बटण लावते, पाच वर्षांच्या मुलाला ते सहज जमतं. अगदी लहान मुलांसाठी हवं असेल तर नेफ्यात इलॅस्टिक घालून देते. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी मणी, मोती, बटण, टिकली काहीही लावणार नाही, कितीही आग्रह केलात तरी, ते सगळं तोंडात जातं.

मला शिकायचंय, पण मशीन कापड खातं!

सगळ्यांचं खातं. छोटा तुकडा सुईच्या खालच्या भोकात ओढला जातो आणि बॉबिनमध्ये गोळा होतो. झिगझॅगवाल्या मशीनच्या प्लेटचं भोक रुंद असतं, तिथे हे जास्त होतं, सरळ टिपेची बारीक गोल भोकाची प्लेट मिळत असेल तर ती लावा. नाहीतर तुकड्याखाली वर्तमानपत्राचा नाहीतर ट्रेसिंग पेपरचा तुकडा धरा, कागदासकट शिवा, मग कागद फाडून काढा. नऊ किंवा अकरा नंबरची सुई, टाका दीड ते दोन मिलीमीटर. आणि एक, तुमच्याकडे आजीचं हाताने फिरवायचं मशीन पडलेलं असेल तर ते भंगारात देऊ नका. बाहुलीच्या कामाला त्याच्यासारखं मशीन नाही, एकेक टाका मोजून टाकता येतो. माझं आईचं आहे आणि गळे, बाह्या अजून त्याच्यावरच करते.

बाही आधी सपाट असतानाच जोडायची, मग बगल आणि बाही एकदम शिवायची, मोठ्या कपड्यासारखी गोल बाही नंतर बसवायला गेलात तर रडाल. कडांना इंटरलॉक करू नका, जाड होतात, पारदर्शक नेलपॉलिशचा बारीक हात फिरवा. बाहेर उलटवायला मेडिकलच्या दुकानात मिळणारी आर्टरी फोर्सेप घ्या, पेन्सिलने कापड फाटतं. प्रत्येक टिपेनंतर इस्त्री, हे तर सांगूनही कुणी ऐकत नाही.

फोनवर विचारलंत तर सगळं सांगते. मी पैसे घेऊन क्लास घेत नाही, वेळ नाही म्हणून, पण ज्या ताई क्लास घेतात त्यांची नावं देते आणि त्यांची फी भरा, त्यांनी दहा वर्षं सुया टोचून घेऊन जे कमावलंय ते फुकट मागू नका.

कापड कुठून आणता?

मस्जिदला उतरून मंगळदास मार्केट, लेस आणि बारीक मण्यांसाठी भुलेश्वर, कधी दादरला हिंदमाता. पण खरं सांगायचं तर निम्मं कापड तळमजल्यावरच्या ब्लाऊजवाल्या ताईंकडची कातरण असते. ती मी फुकट घेत नाही. त्या म्हणायच्या अगं कचराच आहे, ने, पण मी पहिल्या दिवसापासून पिशवीचे पैसे देते आणि त्यामुळे झालं असं की आता त्या रेशमी वेगळं, सुती वेगळं, काठ वेगळे असं लावून ठेवतात. फुकट मागितलं असतं तर केरातल्या केसांसकट पिशवी मिळाली असती.

लोकरीचा स्वेटर, दागिने, छोटी खुर्ची पण करून द्याल का?

मी नाही, पण मिळेल. स्वेटर-टोपी एक क्रोशेवाल्या काकू करतात, सत्तरीच्या आहेत, बारीक दोऱ्याने एवढी सुबक वीण घालतात की बघत राहावं. बाहुलीची ठुशी, नथ, मोहनमाळ एक मुलगी करते, कॉलेजला आहे. लाकडी भातुकली आणि पाट-चौरंग यांच्यासाठी मी लोकांना सावंतवाडीच्या चितारआळीचा पत्ता देते, तिकडे पिढ्यान्‌पिढ्या लाकडाचं काम चालतं. मी यातल्या कुणाकडूनही कमिशन घेत नाही, ऑर्डर तुम्ही थेट त्यांना द्या, पैसे थेट त्यांना द्या.

पण असं दुसऱ्यांना गिऱ्हाईक दिलं तर तुमचा धंदा कमी नाही का होत?

मला उलटा अनुभव आहे. काकूंचा स्वेटर घेणारी तीन माणसं असली तर त्यातली एक तरी माझ्याकडे परकर मागायला येते कारण काकू माझं नाव सांगतात. प्रदर्शनात आम्ही चौघी मिळून एकच टेबल घेतो, भाडं वाटून, एक जेवायला गेली की दुसरी तिचा माल विकते आणि तिच्या भावात विकते, एक रुपया कमी न करता. एकटीने स्टॉल लावला असेल त्यांना विचारा सकाळी दहा ते रात्री नऊ बाथरूमला जायची पण पंचाईत असते.

आमची आठ जणींची भिशी आहे, महिन्याला हजार. गेल्या वर्षी गोधडीवाल्या ताईंच्या मशीनची मोटर नवरात्राच्या तोंडावर जळली, त्या महिन्याची भिशी माझी लागली होती, मी त्यांना दिली, त्यांच्या पाळीची मी नंतर घेतली. आठ हजार काही फार मोठी रक्कम नाही पण त्या आठवड्यात ती नसती तर त्यांच्या अकरा गोधड्यांच्या ऑर्डरी परत गेल्या असत्या. बँक एवढ्या छोट्या रकमेसाठी आणि एवढ्या घाईत दारात येत नाही, आपल्या बायकाच येतात.

फोटो पाठवते, सेम टू सेम करून द्याल का?

जुन्या साडीचा, आईच्या लग्नातल्या शालूचा, तुमच्या मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगच्या ड्रेसचा फोटो असेल तर आनंदाने. पण दुसऱ्या कुणा बाहुलीचे कपडे शिवणारीच्या डिझाइनचा स्क्रीनशॉट असेल तर नाही, मी तिला शोधून तिचाच नंबर तुम्हाला देते. माझे फोटो नाव पुसून एकाने स्वतःच्या मालाचे म्हणून वापरले होते, लोकांनी त्याच्याकडे पैसे भरले आणि त्यांना भलतंच काहीतरी आलं, आणि शिव्या मला पडल्या. दोन रात्री झोप नव्हती. म्हणून याबाबतीत मी कडक आहे.

आमच्या दुकानात ठेवाल का तुमचा माल? विकला की पैसे देऊ.

जांगड माल देत नाही आता. एका दुकानाला वीस सेट दिले होते, आठ महिन्यांनी नऊचे पैसे आले आणि अकरा सेट परत आले, ते पण काचेतल्या उन्हाने रंग उडालेले. निम्मे पैसे आधी, कागदावर लिहून, आणि माल उन्हात नाही, एवढं मान्य असेल तर बोलू. नवीन कारागीर बायकांना पण हेच सांगते, तोंडी व्यवहारावर माल सोडू नका, समोरचा कितीही गोड बोलला तरी.

बाहुल्याच बनवून विकायच्या असतील तर काही लायसन्स लागतं का?

लागतं. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, प्रमाणपत्र सक्तीचं आहे. त्यातून केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्त कार्यालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना सूट दिली आहे, म्हणून कापडी बाहुल्या करणाऱ्या प्रत्येकीने तिथलं कारागीर ओळखपत्र, ज्याला पहचान कार्ड म्हणतात, ते काढून घ्यावं. आमच्यातल्या एकीचा फॉर्म आम्ही तिघींनी मिळून भरला, आता ती इतरांचे भरून देते.

सध्या विकत घ्यायला जमणार नाही, पण मदत करायची आहे.

ज्या बाईकडून काही घेतलं असेल तिचं नाव सांगा, कुणी विचारलं की कुठून घेतलं तर "असंच ऑनलाइन" म्हणू नका. वापरातल्या वस्तूचा फोटो तिला पाठवा, तिच्याकडे तो नसतोच, तिच्याकडे फक्त नवीन वस्तूचा असतो. दिवाळीची ऑर्डर गणपतीच्या आधी द्या. आणि भाव करायचाच असेल तर तिच्यासमोर दुसरीचा भाव सांगू नका, फार लागतं ते.

घरात खूप कापडं पडलीत, पाठवू का?

पाठवा! ओटीत आलेले ब्लाऊज पीस तर प्रत्येक घरात गठ्ठ्याने असतात, या घरातून त्या घरात फिरत राहतात आणि कुणीच शिवत नाही. सुती आणि खणाचे मला चालतात, धुऊन वाळवून द्या. तळहाताएवढ्या तुकड्यापर्यंत मी वापरते, त्याहून छोटे गोधडीवाल्या ताईंकडे जातात, त्यांना दोन बोटं रुंद पट्टीही पुरते. नायलॉनचे चकचकीत पीस नकोत, इस्त्री ठेवली की वितळतात. जुनी रेशमी साडी देणार असाल तर आधी घरात सगळ्यांना विचारून घ्या, मागे एकींनी दिलेली साडी सासूबाईंची निघाली, कात्री लावायच्या आदल्या संध्याकाळी फोन आला, आता मी कुठलीही साडी आली की आठ दिवस तशीच घडी करून कपाटात ठेवते.